खाटेवरून कामाकडे

एखादे मोठे आजारपण उलटले म्हणजे घरची माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण ज्याच्या अंगावरून ते गेलेले असते, त्याच्या मनात नेमक्या त्याच वेळी एक नवी काळजी उभी राहते. हृदयावर शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. शस्त्रक्रियेपूर्वी त्याचा प्रश्न एकच असतो: "मी वाचेन ना?" आठ दिवस लोटले की हा प्रश्न मागे पडतो आणि दुसरा पुढे येतो: "मी कामावर केव्हा जाईन?" आणि मध्यरात्री झोप उडते, छातीवरची जखम ठणकते, न्हाणीघरापर्यंत चार पावले टाकतानाही पाय लटपटतात, तेव्हा त्याच प्रश्नाचे रूप पालटते: "मी पुन्हा कधी कामाचा तरी होईन का?"

शस्त्रवैद्यांनी हृदयाला हात घालण्याचे धाडस कसे केले, याचा इतिहास पुष्कळदा सांगितला जातो. तो रोमहर्षक आहेच. परंतु शस्त्रक्रियागृहातून बाहेर आलेला माणूस खाटेवरून उठून आपल्या कामाकडे कसा परतला, याचाही एक इतिहास आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. श्रोतेहो, आज तो आपल्यापुढे मांडावा असा माझा विचार आहे. कारण वर सांगितलेल्या मध्यरात्रीच्या प्रश्नाचे उत्तर त्या इतिहासातच आहे.

या कथेचा आरंभ इंग्लंडात, अठराव्या शतकात होतो. विल्यम हेबर्डन या लंडनच्या वैद्याने १७६८ साली तेथील वैद्यमंडळापुढे एक निबंध वाचला आणि १७७२ साली तो प्रसिद्ध झाला. चालताना, विशेषतः चढ चढताना, छातीत जी आवळल्यासारखी वेदना उठते आणि थांबताच नाहीशी होते, तिचे वर्णन त्याने त्यात इतके नेमके केले की हृच्छूलाचे ते वर्णन आजही वैद्य आदराने वाचतात. हेबर्डनला या रोगावर खात्रीचा उपाय ठाऊक नव्हता आणि तसे त्याने प्रांजळपणे नमूद केले. पण त्याच्या मृत्यूनंतर १८०२ साली त्याचे जे टिपण-पुस्तक प्रसिद्ध झाले, त्यात एका रुग्णाची ओझरती नोंद आहे. हा मनुष्य रोज अर्धा तास लाकडे कापण्याचे काम नेमाने करीत असे, आणि तो जवळजवळ बरा झाला. एवढेच एक वाक्य. त्यावर भाष्य नाही. त्या लाकडे कापणाऱ्याला आपण लक्षात ठेवू. शेवटी तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

पुढे १८५४ साली डब्लिनच्या विल्यम स्टोक्स याने हृदयरोगावरील आपल्या ग्रंथात काही रुग्णांना बेताबेताने चालणे वाढवण्याचा सल्ला दिला. १८८५ च्या सुमारास म्युनिकच्या मॅक्स योसेफ एर्टेल याने तर चढणीच्या वाटांचे मोजमाप करून हृदयरोग्यांना आज एवढी, उद्या थोडी अधिक अशी चाल नेमून दिली. हृदय हा स्नायू आहे आणि मापाने काम दिले असता स्नायू बळावतो, ही गोष्ट या वैद्यांनी अनुभवाने हेरली होती.

ही वाट पुढे मोकळी होत गेली असती, तर आपला इतिहास येथेच संपला असता. पण झाले उलटेच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विश्रांती या उपचाराला मोठी प्रतिष्ठा लाभली. लंडनचे शस्त्रवैद्य जॉन हिल्टन यांनी विश्रांतीच्या रोगनिवारक सामर्थ्यावर दिलेली व्याख्याने १८६३ साली ग्रंथरूपाने बाहेर पडली आणि पिढ्यान् पिढ्या वाचली गेली. मोडलेले हाड स्थिर ठेवले म्हणजे जुळते. मग दुखावलेले हृदयही स्थिर ठेवावे, असा तर्क पुढे आला. १९१२ साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी अकस्मात बंद झाली तरी रुग्ण वाचू शकतो, हे दाखवून दिले. वैद्यकाच्या इतिहासातील हा एक मोलाचा टप्पा होय. पण अशा रुग्णास पूर्ण विश्रांती द्यावी, असेही त्यांनी सांगितले, आणि पुढच्या पिढीने त्या सल्ल्याचा कायदा करून टाकला. १९३९ साली बोस्टनमध्ये मृत रुग्णांच्या हृदयांची तपासणी करून असे आढळले की हृदयस्नायूची लहान जखम भरून यायला सुमारे पाच आठवडे आणि मोठी भरायला दोन महिने लागतात. झाले! सहा ते आठ आठवडे अंथरूण, हा नियम ठरून गेला.

या वैद्यांना आज हसणे सोपे आहे. पण त्यांची भीती खोटी नव्हती. जखमी हृदयाची भिंत मऊ पडते, ताण आला तर ती फाटेल, असे त्यांना वाटे. आणि क्वचित ती फाटतही असे. म्हणून रुग्णाने कुशीवर वळू नये, हाताने घास घेऊ नये, दाढी करू नये, अशी बंधने आली. आपल्या घरांतून बाळंतिणीला सव्वा महिना जपण्याची चाल होती. येथे तर दांडगा मनुष्य सव्वा-दीड महिना लहान मुलासारखा भरवून घेत पडून राही. त्यातून पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होत आणि त्या फुप्फुसात जाऊन बसत. छातीत कफ साठे. स्नायू झिजत. आणि या सर्वांहून भयंकर म्हणजे, "मी आता काचेचे भांडे झालो" ही समजूत मनात कायमची घर करून बसे. खाटेवरून उठलेला असा माणूस पुष्कळदा पुन्हा कामावर जातच नसे. त्याला हृदयाने अडवलेले नसे. अडवलेले असे ते खाटेने.

हे खाटेचे राज्य मोडण्याचे श्रेय ज्या वस्तूला द्यावे लागते, ती वस्तू म्हणजे एक साधी खुर्ची होय.

बोस्टनचे सॅम्युएल लिव्हाइन हे हृदयरोगांचे नामांकित वैद्य. आडवे निजण्यानेच हृदयरोग्याचे काही नुकसान होते, असे त्यांनी १९४४ सालीच लिहिले होते. माणूस आडवा झाला की पायांतले रक्त छातीकडे लोटते आणि दुबळ्या हृदयावरचा भार वाढतो. तोच माणूस पाय खाली सोडून बसला तर काही रक्त पायांत राहते, हृदयाचे ओझे हलके होते आणि श्वासही मोकळा होतो. मग त्याला निजवून ठेवण्यात काय शहाणपण? आपल्या तरुण सहकाऱ्याला, बर्नार्ड लाउन यांना, बरोबर घेऊन त्यांनी हृदयविकाराच्या झटक्याच्या ८१ रुग्णांना पहिल्या आठवड्यातच खाटेवरून उचलून आरामखुर्चीत बसवले, आणि १९५२ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. रुग्णालयातील तरुण डॉक्टरांनी या प्रयोगाला कडाडून विरोध केला होता. रुग्णाच्या जिवाशी हा खेळ आहे, असे त्यांना वाटत होते. पण खुर्चीत बसलेले रुग्ण अधिक मरेनात; उलट त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी दिसू लागली. खुर्चीत बसलेला माणूस खिडकीबाहेर पाहतो, वर्तमानपत्र मागतो, घरच्यांची चौकशी करतो. पुढे शांततेच्या नोबेल पारितोषिकाने १९८५ साली गौरविलेल्या वैद्यसंघटनेचे एक संस्थापक म्हणून जगाला ठाऊक झालेले लाउन ते हेच.

तरीसुद्धा पावले जपूनच पडत होती. झटक्यानंतर चौथ्या आठवड्यात दिवसातून दोनदा तीन ते पाच मिनिटे चालू द्यावे, हा सल्लादेखील त्या काळी धीट मानला जाई.

खाट नेमके काय हिरावून घेते, याचा हिशोब मांडला गेला तो टेक्सस राज्यातील डलास शहरी. १९६६ साली तेथे विशीतले पाच निरोगी तरुण वीस दिवस अंथरुणात ठेवण्यात आले. त्यांना कोणताही रोग नव्हता. वीस दिवसांनंतर त्यांची प्राणवायू वापरण्याची, म्हणजे पर्यायाने श्रम करण्याची, कमाल क्षमता चौथ्या हिश्श्याहून अधिक घटली होती. पुढे काही आठवड्यांच्या व्यायामाने ती भरून आली आणि काहींची तर पूर्वीपेक्षा वाढली. हा वृत्तांत १९६८ साली प्रसिद्ध झाला. परंतु त्याचा सर्वांत बोलका भाग तीस वर्षांनी लिहिला गेला. तेच पाच जण पन्नाशीत आले असता पुन्हा तपासले गेले, तेव्हा असे दिसले की तीस वर्षांच्या वार्धक्याने त्यांची शक्ती जेवढी हरण केली नव्हती, तेवढी त्या वीस दिवसांच्या खाटेने केली होती! आजारातून उठलेल्या माणसाला जो थकवा जाणवतो, तो सगळाच काही रोगाचा नसतो. त्यातला मोठा वाटा अंथरुणाचा असतो, आणि तो परत मिळवता येतो. या इतिहासाने दिलेला पहिला दिलासा तो हाच.

आतापर्यंत आपण हृदयविकाराच्या झटक्याविषयी बोललो. आता शस्त्रक्रियेकडे वळू. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला लवकर उठवावे, असे शिकागोच्या एमिल रीस यांनी १८९९ सालीच म्हटले होते. पण त्याकडे लक्ष गेले ते दुसऱ्या महायुद्धात, जेव्हा जखमी सैनिक उदंड झाले आणि खाटा अपुऱ्या पडू लागल्या. गरजेपोटी लवकर उठवलेले रुग्ण लवकर बरे होतात, हे तेव्हा सर्वांना दिसले. नेमक्या त्याच काळात हृदयाची शस्त्रक्रिया वयात येत होती. १८९६ च्या सप्टेंबरात फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन यांनी सुरीने भोसकलेल्या एका तरुणाच्या हृदयाची जखम शिवली आणि तो वाचला. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी आपण तयार केलेल्या हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने अठरा वर्षांच्या एका मुलीच्या हृदयाच्या पडद्यातील छिद्र बुजवले. त्या वेळी सव्वीस मिनिटे तिच्या देहाचा सारा कारभार त्या यंत्राने चालवला. १९६७ साली क्लीव्हलंड येथे रेने फाव्हालोरो यांनी पायातील शीर घेऊन हृदयाच्या तुंबलेल्या रोहिणीला वळसा घालणारी नवी वाट जोडली आणि बायपासच्या शस्त्रक्रियेला पद्धतशीर रूप दिले. हे फाव्हालोरो अर्जेंटिनाचे. तेथील एका खेड्यात बारा वर्षे डॉक्टरकी करून मग ते अमेरिकेत गेले होते.

बायपासने एक गोष्ट निराळी केली. पूर्वी हृदयाची शस्त्रक्रिया बहुधा लहान मुलांवर वा तरुणांवर होई. आता शस्त्रक्रियेच्या मेजावर पन्नाशीतला कर्ता पुरुष येऊ लागला: ज्याच्या घरी शिकणारी मुले आहेत, डोक्यावर कर्ज आहे आणि ज्याची नोकरी त्याच्या अंगमेहनतीवर अवलंबून आहे. 'कामावर केव्हा?' हा प्रश्न आता हजारो घरांचा झाला.

सुदैवाने उत्तराची तयारी आधीच झाली होती. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात १९४० नंतरच्या दशकात असे एक चिकित्सालय चालू झाले होते की जेथे हृदयरोग्याला "तुम्हाला काय झाले आहे?" एवढेच न विचारता "तुमचे काम काय आहे?" असेही विचारले जाई. क्लीव्हलंडचे हर्मन हेलरस्टाइन त्याहून पुढे गेले. त्यांनी कामगार प्रत्यक्ष काम करीत असताना तो किती प्राणवायू खर्च करतो, हे मोजले. तेव्हा जड वाटणारी पुष्कळशी कामे हृदयाला तितकी जड नसतात, असे आढळले. स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च एक मानला, तर टेबलाशी बसून लिहिण्याला दीडपट, सपाटीवर बेताने चालण्याला सुमारे तिप्पट आणि खोदकामाला पाचपट वा अधिक खर्च येतो. माणसाची शक्ती एका पारड्यात, कामाचे ओझे दुसऱ्या पारड्यात. निर्णय तराजूने करावा, भीतीने करू नये, ही ती दृष्टी.

सामान्य जनतेच्या मनातील भीती मात्र तराजूने जात नाही. तिला उदाहरण लागते. ते १९५५ साली मिळाले. २४ सप्टेंबर रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना डेन्व्हर येथे हृदयविकाराचा झटका आला. पुढच्या सोमवारी न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. बोस्टनहून आलेले वैद्य पॉल डडली व्हाइट यांनी पत्रकारांना बोलावून अध्यक्षांचे दुखणे शाळेतील मास्तराप्रमाणे समजावून सांगितले. अध्यक्ष सुमारे सात आठवडे रुग्णालयात होते. पण त्यांना क्रमाने खुर्चीत बसवले गेले, चालवले गेले, कागदपत्रे दाखवली गेली. पुढल्या वर्षी ते निवडणुकीस उभे राहिले, निवडून आले आणि १९६९ सालापर्यंत जगले. हृदयविकार म्हणजे कामाचा शेवट नव्हे, हे घराघरांत कळले ते ग्रंथांनी नव्हे, या एका माणसाने. १९६४ साली जागतिक आरोग्य संघटनेने हृदयरोग्याच्या पुनर्वसनाची जी व्याख्या केली, तिचाही आशय हाच: शरीर, मन आणि समाजातील स्थान या तिन्ही दृष्टींनी शक्य तितकी चांगली परिस्थिती लाभून रुग्णाने स्वतःच्या प्रयत्नाने समाजात आपली जागा पुन्हा घ्यावी. 'स्वतःच्या प्रयत्नाने' हे शब्द त्यात महत्त्वाचे आहेत.

आपल्या देशातील इतिहासही येथे आठवला पाहिजे. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले. दक्षिण आफ्रिकेत बर्नार्ड यांनी जगातील पहिले हृदयारोपण केल्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. सेन यांचा रुग्ण काही तासांतच दगावला. पण परळच्या एका सार्वजनिक रुग्णालयाने जगाबरोबर पाऊल टाकले, ही गोष्ट उरली. १९७५ साली मद्रासमधील पेरांबूरच्या रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी भारतातील पहिली बायपास शस्त्रक्रिया केली. कामगारांसाठी उभारलेल्या रुग्णालयात ती व्हावी, हे सूचक आहे. सांध्यांच्या तापाने हृदयाच्या झडपा निकामी होण्याचा रोग आपल्याकडे गरीब घरांतील कोवळ्या वयाच्या मुलामुलींना गाठतो. त्यांच्यासाठी तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली देशी कृत्रिम झडप तयार झाली आणि १९९० च्या डिसेंबरात ती प्रथम बसवण्यात आली. ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयारोपण केले.

आणि आयझेनहॉवर यांच्यासारखे उदाहरण म्हणाल, तर तेही आपल्यापाशी आहे. २४ जानेवारी २००९ रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्यावर दिल्लीत बायपासची शस्त्रक्रिया झाली. त्यांची ही दुसरी बायपास; पहिली १९९० साली झाली होती. दुसऱ्यांदा उघडलेली छाती ही शस्त्रवैद्याची कसोटी असते. ती शस्त्रक्रिया मुंबईहून गेलेल्या डॉ. रमाकांत पांडा यांच्या पथकाने केली. तेव्हा डॉ. सिंग ७६ वर्षांचे होते. २२ मे २००९ रोजी, म्हणजे चार महिन्यांच्या आत, त्यांनी पंतप्रधानपदाची पुन्हा शपथ घेतली आणि पुढची पाच वर्षे तो भार वाहिला.

येथे एखादा श्रोता म्हणेल, "थोरांचे ठीक आहे, त्यांच्या दिमतीला डॉक्टर असतात. माझे काय?" प्रश्न रास्त आहे. म्हणून परतीची ही वाट प्रत्यक्षात कशी असते, ते थोडे पाहू.

शस्त्रवैद्य छातीचे मधले हाड उभे कापून हृदयापर्यंत जातो आणि शेवटी ते हाड पोलादी तारेने बांधतो. त्याला धड जुळायला सहा ते आठ आठवडे आणि पुरते बळकट व्हायला सुमारे तीन महिने लागतात. म्हणून त्या काळात भरलेली बादली उचलू नये, जड दार ढकलू नये, हातांवर भार देऊन उठू नये, खोकताना छातीशी उशी धरावी, असे सांगितले जाते. येथे हाडाला जपायचे आहे, हृदयाला कोंडायचे नाही, हा भेद ध्यानात ठेवावा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्णाला खुर्चीत बसवतात आणि लवकरच चालवतात. तीन चेंडूंचे ते छोटे उपकरण हाती देतात. श्वास ओढून त्यातले चेंडू वर उचलायचे, म्हणजे फुप्फुसाचे मिटलेले कोपरे उघडतात. घरी आल्यावर पाच मिनिटांची चाल, मग दहा, मग पंधरा. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणण्याइतका दम उरू नये, एवढी गती पुरे. बैठे काम करणारे बहुतेक जण सहा ते आठ आठवड्यांनी कामावर जातात. ओझी उचलणाऱ्यांना तीन महिने वा अधिक लागतात. प्रत्येकाचा हिशोब वेगळा, आणि तो ज्याच्या त्याच्या डॉक्टरनेच मांडायचा.

या वाटेवर पहिल्या महिन्यात जो थकवा येतो, त्याने पुष्कळ जण हबकतात. रक्त कमी झालेले असते, झोप तुटक असते, जेवणाची चव गेलेली असते. ज्या पायातून शीर काढली तो सुजतो. दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवशी आंघोळ केली तरी निजावेसे वाटते. धडधाकट माणसाच्या डोळ्यांना कारण नसताना पाणी येते. यांतले बहुतेक सारे शस्त्रक्रियेचे नित्याचे ऋण आहे आणि ते आठवड्या-आठवड्याने फिटते. छातीत पूर्वीसारखी कळ, वाढता ताप, जखमेतून पू, हाडाची खटखट, बसल्या जागी धाप किंवा वजनात एकाएकी वाढ, ही चिन्हे मात्र नित्याची नव्हेत. तेथे डॉक्टरकडे जायला क्षणाचा विलंब नको.

व्यायाम आणि मार्गदर्शन यांचा उपयोग खरोखर होतो काय? २०२१ साली जगभरातील ८५ चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत २३ हजारांहून अधिक रुग्ण होते. बेताच्या व्यायामाने हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि पुन्हा रुग्णालयात जाण्याची पाळी, ही दोन्ही कमी होतात, असे त्यात दिसले. आपल्याकडे मोठ्या शहरांबाहेर अशी पुनर्वसन-केंद्रे विरळाच. म्हणून भारतातील २४ रुग्णालयांत झटक्यातून उठलेल्या ३,९५९ रुग्णांवर योगाधारित कार्यक्रमाचा प्रयोग झाला, आणि २०२० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. योगाने मृत्यू वा नवे झटके निश्चितपणे कमी होतात, असे त्यातून सिद्ध झाले नाही, हे स्वच्छ सांगितले पाहिजे. परंतु त्या रुग्णांना आपल्या पूर्वीच्या कामांकडे परतणे अधिक साधले आणि आपली प्रकृती त्यांना अधिक बरी वाटू लागली. आपल्या आजच्या विषयाला हीच गोष्ट महत्त्वाची आहे.

आता शेवटची, आणि मला सर्वांत नाजूक वाटणारी गोष्ट. रुग्णालयातील खाटेचे राज्य गेले. घरातील खाटेचे राज्य अजून गेलेले नाही. "तुम्ही उठू नका, मी देते," "बाबा, तुम्ही कशाला जिना उतरता?" या बोलण्यात केवढी माया असते! पण शंभर वर्षांपूर्वी मोठमोठे वैद्य जी चूक करीत होते, तीच चूक ही माया करते. ऐकणाऱ्याला हळूहळू पटू लागते की आपण खरोखरच काचेचे झालो. कारखान्यातील वा कचेरीतील वरिष्ठही कधी दयेपोटी, कधी धास्तीपोटी त्याचे काम काढून घेतात. अशा वेळी 'सुरुवातीला अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस' एवढी सवलत त्याला सहानुभूतीच्या दहा शब्दांहून अधिक तारते.

स्त्रियांचे दुःख याच्या उलट असते. पुरुषाला कामावर हजर होण्याची तारीख असते, वैद्यकीय दाखला असतो, रजा असते. गृहिणीला यांतले काहीच नसते. रुग्णालयातून आली त्या आठवड्यातच तिच्या हाती कणीक येते. आणि कणीक मळणे, कपडे पिळणे, पाण्याची कळशी उचलणे ही सारी नेमकी छातीच्या हाडावर ताण आणणारी कामे! तिला चालायला मोकळी वेळ मिळत नाही आणि उचलायचे ओझे मात्र चुकत नाही. कामाचे माप ठरवण्याची विद्या पुरुषांच्या कारखान्यासाठी निघाली. ती स्वयंपाकघराच्या उंबरठ्याच्या आतही आली पाहिजे. तीन महिने बादली दुसऱ्याने उचलावी आणि संध्याकाळची अर्ध्या तासाची चाल तिची तिला मिळावी, एवढे घरातील माणसांनी ठरवले, तर ते औषधाहून कमी नाही.

श्रोतेहो, आरंभी आपण हेबर्डनच्या त्या लाकडे कापणाऱ्याला निरोप दिला होता. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. त्याच्याजवळ यंत्र नव्हते, आलेख नव्हता, रोहिणीला नवी वाट जोडणारा शस्त्रवैद्य नव्हता. त्याच्याजवळ होती एक करवत, रोजचा अर्धा तास आणि नेम. त्याच्या हाताला जे कळले होते, ते विद्वानांच्या लक्षात यायला दीडशे वर्षे लागली: हृदयाला विश्रांती हवी, पण तिची मुदत ठरलेली हवी; आणि काम हवे, पण त्याचे माप ठरलेले हवे. शस्त्रवैद्य चार-सहा तासांत हृदय दुरुस्त करून देतो. माणसाला त्याचे काम मात्र तोच परत मिळवून देऊ शकत नाही. ते रुग्णाने रोज थोडे थोडे स्वतः मिळवायचे असते. त्या वेळी दार अडवून उभे न राहता, त्याच्या पावलाशी पाऊल जुळवून थोडे अंतर बरोबर चालणे, एवढेच आप्तांचे काम.